खिडकी लावणारी

बाईंनी हातोडा हवेतच थांबवला. अकरा फ्रेम मागे घेतल्या आणि पुन्हा सोडलं. हातोडा खाली आला, पडद्यावरच्या बापाचं डोकं एका बाजूला कलंडलं, भिंतीवर रक्ताचा फराटा उठला आणि पोरानं दुसऱ्या घावासाठी हात वर नेला.

“अजून जड बसायला हवा,” मागच्या खुर्चीतून मास्तर म्हणाला. “हाड फुटलेलं कळलं पाहिजे.”

बाईंनी दोन फ्रेम काढून टाकल्या. घाव जड झाला. मास्तरनं मान हलवली, पण त्याचं समाधान झालेलं दिसलं नाही. सकाळपासूनची ही सहावी खेप होती. दुखणं त्या घावात नाहीच, हे बाईंना कधीचं कळून चुकलं होतं.

बाई सव्वीस वर्षं सिनेमांचं संकलन करत होत्या. धंद्यात लहानथोर सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणत. मास्तरचा हा पहिलाच सिनेमा. आधी तो एका शाळेत चित्रकला शिकवायचा. शाळा सुटली तरी नाव चिकटून राहिलं. पहिल्याच भेटीत त्यानं आडपडदा न ठेवता सांगून टाकलं होतं, की सिनेमातलं घर त्याचं स्वतःचं आहे. बाप ओतशाळेत भट्टीवर कामाला. घरी आला की कधी बायकोला मारायचा, कधी पोराला. पट्ट्यानं, बुटानं, हाताला येईल त्यानं. घरात बापाची थोरली बहीण, म्हणजे पोराची आत्या, कोपरा धरून बसलेली. शेवटी पोरगा मोठा होतो आणि हातोड्यानं बापाचं डोकं फोडतो. खरा बाप मात्र सत्तराव्या वर्षी दवाखान्यातल्या खाटेवर, छाती भरून गेला होता.

“मी मारलं नाही त्याला,” मास्तर तेव्हा म्हणाला होता. “म्हणून तर सिनेमा केला.”

बाईंना हे वाक्य आवडलं होतं. त्याच्या भरवशावर त्यांनी काम घेतलं होतं.

पण सिनेमा काही केल्या उभा राहत नव्हता. आदल्या आठवड्यात तीन तास दहा मिनिटांची पहिली जोडणी सहा जणांना दाखवली होती. पोराचं डोकं बाप पाण्याच्या पिंपात दाबून धरतो, तेव्हा पहिल्या रांगेतले गृहस्थ चष्मा पुसत होते. बाप आईचा हात तापलेल्या पातेल्यावर टेकवतो, तेव्हा कुणीतरी फोन बघत होतं. आणि शेवटच्या हातोड्याच्या तिसऱ्या घावाला चक्क एक जण हसला. दिवे लागल्यावर निर्मातीनं एकच विचारलं, “बरं, मग?” तिनं तीन आठवड्यांची मुदत दिली आणि ती गेली.

बाईंची एक जुनी सवय होती. सिनेमा हाताबाहेर गेला की प्रत्येक प्रसंगाची चिठ्ठी लिहून त्या भिंतीवर टाचायच्या आणि एकेक चिठ्ठी उपटून बघायच्या. चिठ्ठी काढल्यावर पुढची गोष्ट लंगडली, तर प्रसंग खरा. इथं मारहाणीच्या अकरा चिठ्ठ्या होत्या. त्यांतल्या कुठल्याही पाच काढल्या, उलट्यासुलट्या लावल्या, तरी सिनेमाला पत्ता लागत नव्हता. मार बसत होता, पुन्हा बसत होता. आधीच्या मारातून पुढचा मार निघत नव्हता. त्यामुळे हातोडाही बाराव्या मारासारखाच वाटायचा. बघणारा तोवर कंटाळलेला असायचा.

हे त्यांनी मास्तरला जमेल तितक्या सौम्यपणे सांगितलं. त्याला ते झोंबलं. तो म्हणाला, आमच्या घरात मार असाच बसायचा, त्याला मागचं-पुढचं नसायचं. बाई म्हणाल्या, घरात नसेल, पण सिनेमा बघणारा माणूस दोन तास अंधारात बसून काहीतरी जोडत असतो. त्याला धागा दिला नाही तर तो उठून जातो. मास्तर उठून चहा प्यायला गेला.

दुसऱ्या दिवशी मास्तर यायच्या आत बाईंनी आवाज बंद करून सगळा सिनेमा पाहिला. किंकाळ्या नाहीत, शिव्या नाहीत, पट्ट्याचा सपकारा नाही. आवाज गेल्याबरोबर मार नुसत्या कवायतीसारखा दिसू लागला आणि डोळा आपोआप मारणाऱ्यावरून सरकून इकडेतिकडे फिरू लागला. असा तो कोपऱ्यातल्या आत्यावर गेला.

पहिल्या मारहाणीत आत्या उठते आणि खिडकीची एक झडप लोटते. दुसऱ्या वेळी दोन्ही लोटते. चौथ्या वेळी खिडकी लावून तिला पाठ टेकून उभी राहते. सहाव्या वेळी बापानं अजून हातही उचललेला नसतो, जिन्यावर नुसते बूट वाजतात आणि ती कडी लावते. आठव्या वेळी बाहेर लख्ख ऊन आहे आणि घरात दिवा लावलेला आहे, कारण खिडकी सकाळपासूनच बंद आहे. नवव्या वेळी कडी तुटलेली असते. आत पोराची पाठ सोलून निघत असते आणि म्हातारी दोन्ही हातांनी झडपा आवळून धरून उभी असते, मार संपेपर्यंत. त्यानंतर आत्या मरते. दहाव्या आणि अकराव्या वेळी खिडकी उघडीच राहते, पलीकडच्या घरातलं माणूस दिसतं, ते ऐकतं आणि आत जातं.

बाई खुर्चीत ताठ झाल्या. मार तोच होता, खिडकी मात्र दर वेळी वेगळी होती. गोष्ट खिडकीत चालली होती आणि ते दोघे तीन महिने पट्ट्याकडे बघत बसले होते.

मास्तर आल्यावर त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, की आत्याला हे खिडकीचं काम कुणी दिलं. तो म्हणाला, असंच. नटीला हाताला काहीतरी चाळा हवा होता.

“नऊ वेळा?” बाईंनी विचारलं.

“लक्षात नाही आलं,” तो म्हणाला आणि पडद्याकडे बघू लागला.

पुढचे चार दिवस बाई झपाटल्यासारख्या काम करत होत्या. मार छाटून अर्ध्यावर आणला. जिथं पट्टा दिसत होता तिथं आता झडप दिसू लागली. आवाज आतून यायचा, लाकडाआडून. आवाजाचं काम बघणारा माणूस शेजारच्या टेबलावर बसायचा. तो दिवसभरात चार वाक्यांवर पाचवं बोलत नसे, म्हणून त्याला सगळे भोंगा म्हणत. त्यानं पहिला भाग ऐकला, कानांवरचे हेडफोन काढले आणि नुसती मान डोलावली. भोंग्याच्या मानानं हे भाषणच होतं.

राहिला होता शेवट. तिथं बाईंना एक टाकून दिलेला टेक आठवला. त्यात पोरगा हातोडा घेऊन झोपलेल्या बापाजवळ येतो. दाराशी बसलेली आई ते बघते. ती उठते, शांतपणे खिडकीपाशी जाते, दोन्ही झडपा लावते, कडी घालते आणि पुन्हा जागेवर येऊन बसते. मग घाव. इतक्यात कॅमेऱ्यामागून मास्तरचा आवाज येतो: हे कुणी सांगितलं तुला? आणि आईचं काम करणारी नटी गोंधळून म्हणते, आत्या नाही ना आता घरात, मग कुणी लावायची?

बाईंनी तो टेक लावला. मास्तरचा आवाज काढला. सगळा भाग सुरुवातीपासून चालवला आणि खिडकीची कडी बसली तेव्हा त्यांच्या स्वतःच्या अंगावर काटा आला. हातोडा पूर्वीइतकाच होता, एक फ्रेमही इकडची तिकडे केली नव्हती, पण आता तो बघवत नव्हता.

दुपारी तीनच्या सुमाराला त्यांनी ते मास्तरला दाखवलं. खोलीचं दार उघडं होतं, बाहेर व्हरांड्यात शेजारच्या स्टुडिओतली माणसं उभी राहून बोलत होती. आत्याच्या खिडक्या मास्तरनं मागे टेकून पाहिल्या. आई उठली तशी त्याची मान पुढे आली. तिचा हात कडीवर गेला आणि तो उभा राहिला.

तो म्हणाला, हे काढा. बाई म्हणाल्या, पूर्ण तर बघा. तो म्हणाला, आई असं करणार नाही. बाई त्याला समजावू लागल्या, की हीच जागा आहे जिथं सगळं एकत्र येतं, इतका वेळ दुसरं कुणी करत होतं ते आता आईकडे येतं, म्हणून तर ते अंगावर येतं.

“तिनं खिडकी लावली नाही,” मास्तर म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. “ऐकू येतंय? तिनं नाही लावली.”

त्यानं भिंतीवरच्या चिठ्ठ्या ओरबाडल्या. मग तो कीबोर्डकडे वळला. एवढ्या दिवसांचं काम तो आता पुसून टाकणार हे बाईंच्या लक्षात आलं आणि त्या मध्ये आल्या. त्यानं उलट्या हातानं त्यांच्या तोंडावर मारलं. सगळ्या ताकदीनिशी. बाई फेकल्यासारख्या बाजूला गेल्या, भुवई टेबलाच्या कोपऱ्यावर आपटली आणि त्या खाली बसल्या. डोळ्यात काहीतरी कोमट उतरलं. हाताला लागलं ते रक्त होतं. वर पडद्यावर हातोडा चालूच होता.

भोंगा उठून त्यांच्याकडे धावला.

“आधी दार लाव,” बाई त्याला म्हणाल्या.

भोंग्यानं दार लावलं. कडी बसल्याचा आवाज झाला. मास्तर स्वतःच्या हाताकडे बघत होता. त्यानं मान वर करून दाराकडे पाहिलं, मग बाईंकडे. तेच दार उघडून तो निघून गेला. व्हरांड्यातली माणसं बोलायची थांबली होती.

दवाखान्यात तीन टाके पडले. कसं लागलं, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, टेबलाचा कोपरा. निर्मातीचा फोन आला तेव्हा म्हणाल्या, पाय घसरला. भोंगा शेजारी उभा राहून हे सगळं ऐकत होता. घरी सोडताना रिक्षात तो कधी नव्हे ते आपणहून बोलला.

“दार मी लावायला नको होतं.”

“मी सांगितलं होतं.”

“तरी.”

बाई रिक्षाबाहेर बघत राहिल्या. सव्वीस वर्षांत त्यांच्यासमोर खुर्च्या फेकल्या गेल्या होत्या, शिव्या दिल्या गेल्या होत्या, पण अंगावर हात कुणी टाकला नव्हता. आणि तो टाकल्यावर पहिली काळजी त्यांना वाटली ती सिनेमाची, बाहेर काय बोललं जाईल त्याची. मारापेक्षा त्यांना तेच जास्त लागलं. खरं तर लाजच वाटली.

चार दिवस मास्तर फिरकला नाही. पाचव्या दिवशी सकाळी अकरा वाजता दारात एक ठेंगणी, साठीपलीकडची बाई उभी राहिली. हातात कापडी पिशवी, केस घट्ट बांधलेले. तिनं भोंग्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, भुवईवरच्या पट्टीवर तिची नजर थांबली आणि तिनं ओळखलं.

“मी त्याची आई,” ती म्हणाली. “हात उचलला म्हणाला तुमच्यावर. बघू.”

बाई काही बोलायच्या आत ती जवळ आली होती. तिनं पट्टीची कड अलगद उचलली, टाके बघितले, पुन्हा बसवली. हे काम तिनं पूर्वी पुष्कळदा केलेलं असावं, बोटं इतकी सराईत होती. मग खुर्ची ओढून बसली. मुलगा चार दिवस जेवत नाही, बोलत नाही, असं तिनं सांगितलं, पण त्याच्या वतीनं माफी काही मागितली नाही. बापाचा हात पोरात येतो की काय अशी भीती वाटायची, तो आला म्हणाली. नंतर विचारलं, की असं काय दाखवलंत त्याला?

बाईंनी भोंग्याकडे पाहिलं. भोंग्यानं खांदे उडवले. आईला तिच्याच घरातला मार दाखवायचा म्हणजे कठीणच होतं. पण ती हलायला तयार नव्हती. शेवटी बाईंनी सिनेमा लावला.

ती डोळ्याची पापणी न लववता बघत होती. पातेल्याच्या प्रसंगाला तिनं आपला डावा हात पदराखाली घेतला, एवढंच. आत्या खिडकीपाशी गेली तेव्हा ती पुढे सरकली. दुसऱ्या वेळी आणखी पुढे. नवव्या वेळी, आत्यानं झडपा आवळून धरल्या, तेव्हा तिनं विचारलं, “ही कोण?”

“आत्या,” बाई म्हणाल्या. “तुमची नणंद.”

“मला नणंद नाही. एकटेच होते ते.” ती पडद्याकडेच बघत होती. “आत्या नव्हतीच आमच्याकडे. खिडकी मी लावायचे.”

भोंग्यानं कानावरचे हेडफोन हळूच टेबलावर ठेवले.

बाईंनी सिनेमा थांबवला नाही. शेवट आला. पडद्यावरची आई उठली, तिनं कडी घातली, हातोडा खाली आला. खरी आई ते सगळं बघून झाल्यावर म्हणाली, की ते असे गेले नाहीत, दवाखान्यात गेले, मीच उशाशी होते. थोडं थांबून म्हणाली, पण पोरानं असं केलं असतं, तर खिडकी मी लावलीच असती. हे त्यानं बरोबर ओळखलं.

बाई म्हणाल्या, ते त्यानं घातलेलं नाही. ते मी घातलं. तो तर काढा म्हणत होता.

आईनं मान खाली घातली. पुढचं ती पिशवीच्या बंदाशी चाळा करत, अडखळत बोलली. नवरा तिला स्वतःला मारायचा तेव्हा खिडकी उघडीच असायची. खाली पडलेलं माणूस खिडकी कशी लावणार? ती लावायची ते पोराला मारायला लागला की. दर वेळी. पोरगा मार खाताना बघायचा तिच्याकडे, आणि ती उठून खिडकीकडे जायची. त्यानं हे आजवर कधी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. दोघं एकाच घरात राहतात, ताटाला ताट लावून जेवतात.

“आत्याला काढायला सांगा त्याला,” जाताना ती दारात म्हणाली. “मला घाल म्हणावं.”

ती गेल्यावर बाईंनी चिठ्ठ्या पुन्हा भिंतीवर लावायला घेतल्या. आता त्यांचे दोन ढीग झाले. पाच वेळा मार आईला, तेव्हा खिडकी उघडी. सहा वेळा पोराला, तेव्हा बंद. मधली कुठलीही चिठ्ठी काढली की भिंत लंगडी व्हायची. पोरगा शेवटी हातोडा का उचलतो, आणि तो उचलण्याआधी आईकडे का बघतो, हे आता सांगायची गरजच उरली नव्हती. म्हणजे मास्तरनं आपल्या आईचे दोन तुकडे केले होते. जिची दया येते ती आई ठेवली, आणि जिचा राग येतो ती आत्या म्हणून कोपऱ्यात बसवली. सिनेमा तिथंच फाटला होता.

मग त्यांनी निर्मातीला फोन लावला. म्हणाल्या, मी त्या दिवशी खोटं बोलले, पाय घसरला नव्हता, मास्तरनं मारलं. निर्माती म्हणाली, त्याला काढते. बाई म्हणाल्या, ते तुम्ही ठरवा आणि मीही ठरवीन, पण आत्याच्या जागी खिडकी लावणाऱ्या आईचं एक दिवसाचं चित्रीकरण बाकी आहे, ते त्यालाच करू दे. त्यानंतर तो माझ्या खोलीत बसणार नाही. आणि हे जे झालं ते कुणी विचारलं तर मी झालं तसंच सांगणार आहे.

दुसऱ्या दिवशी मास्तर आला, पण उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. जमिनीकडे बघत म्हणाला, आईनं सांगितलं.

“माझ्याशी बोलायचं असेल तर इकडे बघून बोला,” बाई म्हणाल्या.

त्यानं पट्टीकडे पाहिलं. त्याला ते जड गेलं. “मी मारलं तुम्हाला,” तो म्हणाला.

“हो.”

मग बाईंनी त्याला चिठ्ठ्यांची भिंत दाखवली, उंबऱ्यावरूनच. तो एकेक चिठ्ठी वाचत गेला. शेवटी त्यानं विचारलं, खिडकी लावणारे हात कुणाचे घ्यायचे, आईचं काम करणारी नटी तर दुसऱ्या कामावर गेली. त्याचं त्यालाच कळलं.

चित्रीकरण सिनेमासाठी आधी घेतलेल्या त्याच भाड्याच्या घरात, दुपारच्या उन्हात झालं. कॅमेरावाला कुरकुरला, की नटी तिशीतली आणि हे हात म्हातारे, जुळणार कसे? मास्तर म्हणाला, नकोच जुळायला. खोलीत पाचच माणसं होती. आई खिडकीपाशी उभी राहिली. तिनं झडपा लोटून पाहिल्या, कडी खालीवर केली, आणि आमची जरा जड होती असं म्हणाली.

कॅमेरा चालू झाला. ती तशीच उभी राहिली. हात वर गेला नाही.

“लाव ना, आई,” मास्तर म्हणाला.

“नुसतं नाही जमणार,” ती म्हणाली. “आवाज लावा तो.”

मास्तरनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी भोंग्याला खूण केली. भोंग्यानं सिनेमातला मार लावला; पट्टा सपकन वाजला आणि सगळी खोली पोराच्या किंकाळीनं भरून गेली. आईनं ऐकलं आणि मान हलवली.

“हा तू नाहीस,” ती मुलाला म्हणाली. “तू ओरडायचा नाहीस. एकदाही नाही ओरडलास.”

भोंग्यानं किंकाळी काढून टाकली. नुसता पट्टा राहिला. एक, मग मधली शांतता, मग दुसरा. मास्तर भिंतीला टेकला होता, त्याचे खांदे प्रत्येक वेळी किंचित आत जात होते. त्यालाही ते कळलं असावं, कारण त्यानं हात वर करून आवाज थांबवायला लावला.

“मी ओरडायचोच नाही,” तो म्हणाला. “मग खिडकी कशाला लावायचीस?”

हे तो चाळीसएक वर्षांत पहिल्यांदाच विचारत होता. आई त्याच्याकडे वळली नाही. बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकल उभी करत होतं, तिकडे बघत राहिली.

“मला मारायचे तेव्हा मला गप्प राहता यायचं,” ती म्हणाली. “तुला मारायला लागले की हाक मारावीशी वाटायची. समोर माणसं असायची. हाक मारली असती, तर आली असती धावून.” तिनं कडीवर हात ठेवला. “म्हणून.”

कॅमेरा अजून चालूच होता, तो बंद करायचं कॅमेरावाल्याला सुचलं नव्हतं.

“लाव रे बाबा,” आई भोंग्याला म्हणाली.

पट्टा वाजला. तिनं पहिली झडप लोटली. दुसरा वाजला. दुसरी झडप अर्ध्यावर असताना तिचा हात थांबला आणि ती बाहेर जराशी वाकली, इतकी की चेहरा कॅमेऱ्यात आला. तिचे ओठ हलले असं बाईंना वाटलं. तिसरा वाजला. तिनं झडप लावली, कडी घातली आणि ती बसली की नाही हे अंगठ्यानं दाबून बघितलं.

खोलीत अंधार झाला.

“अजून पाच ना?” तिनं विचारलं.

“हो,” मास्तर म्हणाला. तो पुढे झाला, तिच्या अंगावरून हात नेऊन त्यानं कडी काढली, दोन्ही झडपा उघडल्या आणि पुन्हा भिंतीपाशी जाऊन उभा राहिला.